पर्यावरण शिकायचंय, तर विज्ञान घेऊ की समाज?

प्रश्न थोडक्यात असा आहे. रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र आवडतं. पण पाणी, प्रदूषण, हवामानबदल यांच्या बातम्या वाचताना सतत जाणवतं की भांडण माणसांमधलं आहे. विद्यापीठात विज्ञान आणि समाज अशा दोन्ही अंगांनी पर्यावरण शिकवणारी पदवी आहे. ती घ्यावी, की आधी सरळ एका शास्त्राची पदवी करावी? घरची मंडळी म्हणतात, असला अभ्यासक्रम म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या. तिथे नेमकं शिकवतात काय, आणि पुढे त्याचं होतं काय?

माझं शिक्षण रसायनशास्त्रातलं. काही वर्षं भूजलाच्या गुणवत्तेवर काम केलं आणि नंतरची वीसेक वर्षं अशाच एका एकत्रित अभ्यासक्रमात शिकवतो आहे. म्हणून उत्तर आधीच सांगून टाकतो: घ्या. पण घरच्यांची शंका उडवून लावू नका, कारण ती अनेक अभ्यासक्रमांना तंतोतंत लागू पडते. सोमवारी परिसंस्था, मंगळवारी कायदा, बुधवारी अर्थशास्त्र, आणि एका शिक्षकाने काय शिकवलं याचा दुसऱ्याला पत्ता नाही, असे अभ्यासक्रम मी जवळून पाहिले आहेत. तिथून बाहेर पडणाऱ्या मुलांना दहा विषयांची तोंडओळख असते आणि एकाही विषयात त्यांचा हात चालत नाही. तुमच्यासमोरचा अभ्यासक्रम तसा असेल तर खुशाल रसायनशास्त्र घ्या.

चांगल्या अभ्यासक्रमात काय घडतं ते एका प्रकरणावरून सांगतो. जरा लांबण लागेल, पण विषयांची यादी देऊन ते कळणार नाही.

बांगलादेशातल्या नलिकाविहिरींचं प्रकरण मी दरवर्षी पहिल्याच सत्रात घेतो आणि त्याला पूर्ण सहा आठवडे देतो. १९७० च्या दशकात तिथली खेडी प्रामुख्याने तळ्याचं आणि नदीचं पाणी पीत होती. त्या पाण्यातून पटकी आणि हगवण पसरायची, लहान मुलं दगावायची. युनिसेफ आणि सरकार यांनी उपाय पुढे आणला तो उथळ नलिकाविहिरीचा आणि हातपंपाचा. जमिनीखालचं पाणी जंतूंपासून बरंच सुरक्षित असतं. उपाय स्वस्त होता, लोकांना पटला, आणि पुढे लोकांनी स्वतःच्या पैशांनी लाखो विहिरी करून घेतल्या. मग १९९३ मध्ये देशाच्या पश्चिम भागातल्या विहिरींच्या पाण्यात आर्सेनिक सापडलं. ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हे ही ब्रिटनची भूशास्त्रीय संस्था आणि बांगलादेशचा सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी विभाग यांनी १९९८-९९ च्या सुमारास ३,५३४ विहिरींचे नमुने तपासले. उथळ विहिरींपैकी २७ टक्के विहिरींमध्ये लिटरमागे ५० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त आर्सेनिक निघालं, आणि ४६ टक्क्यांमध्ये १० पेक्षा जास्त.

पहिला आठवडा भूशास्त्राचा. हे आर्सेनिक आलं कुठून? कारखान्यातून नाही, फवारणीतूनही नाही. हिमालयातून नद्यांनी वाहून आणलेल्या गाळाच्या कणांवर लोहाच्या ऑक्साइडचा पातळ थर असतो आणि त्या थराला आर्सेनिक चिकटलेलं असतं. गाळात गाडला गेलेला सेंद्रिय पदार्थ जिवाणू खातात. त्यात पाण्यातला ऑक्सिजन संपतो, मग काही जिवाणू ऑक्सिजनच्या जागी लोह वापरू लागतात. लोह विरघळतं आणि त्याला धरून बसलेलं आर्सेनिक पाण्यात सुटतं. अलीकडच्या, उथळ गाळात हे घडतं. जुन्या, खोल थरांमध्ये फारसं घडत नाही. गाळाचे थर जागोजागी बदलतात, त्यामुळे एका घराची विहीर विषारी आणि हाकेच्या अंतरावरची शेजाऱ्याची चांगली, असं सर्रास दिसतं. 'हे गाव दूषित, ते स्वच्छ' अशी विभागणी करता येत नाही. प्रत्येक विहीर वेगळी तपासावी लागते. भूशास्त्रातली ही एक बाब पुढच्या सगळ्या समाजकारणाला आकार देते. ज्याची विहीर वाईट निघाली त्याला शेजाऱ्याच्या अंगणात पाण्याला जावं लागतं, आणि शेजारी कोण आहे, त्याच्याशी बोलणं आहे की वैर आहे, हे ठरवणं कुठल्याही जिवाणूच्या हातात नाही.

दुसरा आठवडा मोजमापाचा. आर्सेनिकला रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी उकळून ते जात नाही. उलट पाणी आटलं की त्याचं प्रमाण थोडं वाढतंच. लाखो विहिरींचे नमुने प्रयोगशाळेत पाठवणं शक्य नव्हतं, म्हणून जागेवर वापरायची किट आली. रसायन टाकायचं, कागदावर उमटलेला रंग तक्त्याशी जुळवायचा. मर्यादेच्या आसपासच्या नमुन्यांमध्ये डोळा हमखास चुकतो. २००० च्या पुढच्या काही वर्षांत सुमारे ५० लाख विहिरी अशा तपासल्या गेल्या आणि पंपांना रंग दिला गेला: ५० च्या वर असेल तर लाल, नाहीतर हिरवा. मी वर्गात विचारतो, ४५ आणि ५५ यांत शरीराच्या दृष्टीने फरक किती? नगण्य. तरीही एक पंप हिरवा आणि दुसरा लाल.

मग हा ५० आला कुठून? जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ मध्ये आपली मार्गदर्शक मर्यादा ५० वरून १० वर आणली, आणि तिला 'तात्पुरती' म्हटलं, कारण इतक्या कमी पातळीवर आर्सेनिक मोजणं आणि काढणं प्रत्यक्षात अवघड असतं. बांगलादेशने ५० कायम ठेवली. इथे वर्ग दोन तट पडून भांडतो आणि मी भांडू देतो. १० ची मर्यादा लावली तर जवळजवळ निम्म्या उथळ विहिरी लाल होतात. ज्याची विहीर लाल झाली त्याला जवळपास हिरवी विहीर मिळण्याची शक्यताही तितकीच कमी होते. तो तळ्याकडे परत गेला तर पुन्हा हगवण. ५० ठेवली तर दहा ते पन्नासमधलं पाणी पिणारे लोक हिरवा रंग बघून निर्धास्त होतात आणि वर्षानुवर्षं कर्करोगाचा वाढीव धोका अंगावर घेतात. किती आर्सेनिकला किती धोका, हे विषशास्त्र सांगतं. रेघ कुठे मारायची हे ते सांगत नाही. ती रेघ कोणाचा धोका कोणाच्या धोक्याशी तोलायचा यावर ठरते, आणि तो निर्णय घेणाऱ्यांच्या घरी बहुधा नळ असतो.

त्याच आठवड्यात आणखी एक गोष्ट येते. १९९२ मध्ये ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हेने बांगलादेशातल्या काही विहिरींचं पाणी तपासलं होतं, पण तपासायच्या घटकांच्या यादीत आर्सेनिक नव्हतं. पुढे त्यावर खटला झाला, तो ब्रिटनचं तेव्हाचं सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला, आणि २००६ मध्ये निकाल लागला की त्या पाण्याचे वापरकर्ते दावा करतात तशी कायदेशीर जबाबदारी संस्थेवर येत नाही. निकालाशी सहमत असा वा नसा, विद्यार्थ्याच्या कामाची गोष्ट वेगळी आहे. 'पाणी तपासलं, ठीक आहे' या वाक्यात कशाकशासाठी तपासलं हे सांगितलेलं नसतं. यादी कोणी केली, कोणत्या अनुभवावरून केली, त्यात काय राहिलं, हे विचारायची सवय लागली की रसायनशास्त्रसुद्धा चांगलं होतं.

उरलेले आठवडे विहिरीभोवतीच्या माणसांचे. पंप लाल झाल्यावर कोण दुसरीकडे जातं, कोण जात नाही? चांगली विहीर किती दूर आहे यावर ते फार अवलंबून असतं, आणि पाणी भरणाऱ्या बहुतेक बायका असल्यामुळे 'दूर' म्हणजे किती हे त्यांच्या दिवसाच्या कामावरून मोजावं लागतं, मीटरमध्ये नव्हे. आर्सेनिकने त्वचेवर डाग आणि गाठी येतात. लोकांना तो संसर्ग वाटतो आणि रुग्ण एकटे पडतात, मुलींची लग्नं अडतात. सरकारने खोल विहिरी दिल्या, पण त्या कुठे बसवल्या? ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेच्या २०१६ च्या अहवालात नोंदलं आहे की अनेक ठिकाणी राजकीय वजन असलेल्यांनी सरकारी खोल विहिरी आपल्या आणि आपल्या माणसांच्या सोयीने बसवून घेतल्या. विहिरींचा नकाशा आणि गावातल्या सत्तेचा नकाशा एकमेकांवर ठेवला की भूशास्त्राने शोधलेलं चांगलं पाणी लोकांपर्यंत का पोचत नाही ते दिसतं.

सहा आठवडे संपतात तेव्हा मी एकच प्रश्न देतो: यातला कोणता तुकडा विज्ञानाचा आणि कोणता समाजाचा, ते वेगळं करून दाखवा. जिवाणूंचा तुकडा वेगळा काढता येतो. बाकी फारसं काही निघत नाही. एकत्रित अभ्यासक्रम का घ्यायचा याचं माझं खरं कारण हे आहे. दोन्हींची थोडी थोडी माहिती असावी म्हणून नाही. पर्यावरणातल्या जवळजवळ प्रत्येक आकड्यात कोणीतरी घेतलेला निर्णय बसलेला असतो, आणि जवळजवळ प्रत्येक भांडणाच्या तळाशी कुठलं तरी रसायन किंवा जीव काम करत असतो. ज्याला एकच बाजू दिसते तो दुसरीकडच्या चुका करत राहतो आणि त्या त्याला कळतही नाहीत.

माझ्या हातून अशी चूक झाली आहे. सुरुवातीच्या काळात एका वस्तीत नायट्रेटसाठी विहिरींचे नमुने घेतले. नमुने व्यवस्थित घेतले, थंड ठेवले, वेळेत तपासले. अहवालात लिहिलं की पिण्याचं पाणी मर्यादेत आहे. काही महिन्यांनी तिथल्या एका बाईंनी विचारलं, "तुम्ही धुण्याच्या विहिरीचं पाणी का नेलंत? पिण्याची विहीर तर दुपारी कुलपात असते." मी दुपारी गेलो होतो आणि उघड्या दिसल्या त्या विहिरींचे नमुने घेतले होते. माझं रसायनशास्त्र अचूक होतं आणि अहवाल निरुपयोगी होता. सकाळी कोण कुठून पाणी भरतं हे आधी अर्धा तास बसून विचारलं असतं तर ते टळलं असतं. त्या अर्ध्या तासाला सामाजिक संशोधनपद्धती म्हणतात आणि तीही शिकावी लागते.

आकड्यातला निर्णय पाणीपुरवठ्यापुरता नाही. मिथेन घ्या. कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत मिथेन किती पट तापवतो? १०० वर्षांचा काळ धरला तर सुमारे २८ पट, २० वर्षांचा धरला तर सुमारे ८० पट. दोन्ही आकडे बरोबर आहेत, भौतिकशास्त्र एकच आहे. मिथेन हवेत साधारण बारा वर्षं टिकतो, म्हणून काळ जितका लांब घ्याल तितका तो सौम्य दिसतो. पण कोणता काळ घ्यायचा हे वातावरण सांगत नाही. आंतरराष्ट्रीय हिशेबात १०० वर्षं रूढ झाली. तो काळ बदलला की भातशेती आणि गुरं यांचं माप बदलतं, कोळशाच्या तुलनेत नैसर्गिक वायूचं माप बदलतं, आणि त्याबरोबर कोणत्या देशाने किती कपात करायची हेही सरकतं. हवेतल्या सूक्ष्म कणांचंही तसंच. पीएम २.५ म्हणजे या कणांची वार्षिक मर्यादा, घनमीटरमागे मायक्रोग्रॅममध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १० वरून ५ वर आणली, अमेरिकेने २०२४ मध्ये १२ वरून ९ वर, आणि भारताची ४० आहे. फुप्फुसं सगळीकडे सारखीच.

आता उलट बाजू, जिथे शास्त्रज्ञांना लोकांकडून शिकावं लागलं. एप्रिल १९८६ मध्ये चेर्नोबिलचा अपघात झाला आणि मेच्या सुरुवातीच्या पावसाबरोबर किरणोत्सारी सीझियम इंग्लंडच्या कंब्रिया भागातल्या डोंगरांवर उतरलं. जूनमध्ये तिथल्या मेंढ्यांच्या विक्रीवर आणि कत्तलीवर बंदी आली. तीन आठवड्यांत सगळं निवळेल असं सांगण्यात आलं. गृहीतक होतं की सीझियम मातीतल्या चिकणमातीला घट्ट बांधलं जाईल आणि गवतात येणार नाही. चिकणमातीच्या जमिनीत ते खरंही होतं. पण डोंगरावरची माती आम्लयुक्त आणि कुजलेल्या वनस्पतींची. तिथे सीझियम मोकळं राहिलं, गवतातून मेंढीत आणि मेंढीतून पुन्हा जमिनीत फिरत राहिलं. काही ठिकाणचे निर्बंध उठायला २०१२ उजाडलं. समाजशास्त्रज्ञ ब्रायन विन यांनी त्या मेंढपाळांशी बोलून जे नोंदवलं ते आज या क्षेत्रातलं मूलभूत वाचन आहे. एका प्रयोगात सीझियम धरून ठेवणारी बेंटोनाइट नावाची चिकणमाती पसरून मेंढ्या कुंपणात बांधून ठेवल्या. मेंढपाळ म्हणाले, डोंगरावर मोकळी चरणारी मेंढी कुंपणात खंगते, तुमचे आकडे बिघडतील. पुढे तो प्रयोग सोडून द्यावा लागला, आणि आपलं म्हणणं कोणी ऐकून घेतलं नाही ही भावना मागे राहिली. तज्ज्ञांची एक खात्री अशी कोसळली की लोक त्यांच्या पुढच्या खऱ्या इशाऱ्यावरही विश्वास ठेवत नाहीत, आणि ते नुकसान कुठल्याच मापयंत्रावर दिसत नाही.

मात्र यावरून 'लोकांनाच सगळं कळतं' असा निष्कर्ष काढू नका. दुसऱ्या वर्षाच्या मुलांमध्ये ही लाट दरवर्षी येते आणि मला ती थोपवावी लागते. बांगलादेशातल्या नलिकाविहिरींचं पाणी नितळ आणि थंड होतं, लोकांचा त्यावर पूर्ण भरवसा होता. डोळ्यांनी, जिभेने किंवा पिढ्यांच्या अनुभवाने आर्सेनिक ओळखता आलंच नसतं. विहिरी नव्या होत्या आणि आजार दिसायला वर्षं लागतात. मेंढपाळाला मेंढीचं वागणं कळतं, सीझियम कळत नाही. कोणाला काय कळतं आणि ते कशामुळे कळतं, हे प्रत्येक ठिकाणी नव्याने तपासायचं असतं.

विज्ञान आणि समाज यांची सांगड नीट बसली की काय होतं, याचं मला सर्वांत जवळचं वाटणारं उदाहरण गिधाडांचं. भारतीय उपखंडातली गिधाडं १९९० च्या दशकात झपाट्याने नाहीशी होऊ लागली. भारतातल्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून जास्त घटली. सुरुवातीला विषाणूचा संशय होता. पाकिस्तानात मेलेल्या गिधाडांची शवचिकित्सा करणाऱ्या गटाने २००४ मध्ये दाखवलं की कारण डायक्लोफेनॅक आहे. गुरांना दिलं जाणारं हे वेदनाशामक मढ्यातून गिधाडांच्या पोटात जातं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी करतं. २००६ मध्ये गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर भारत, पाकिस्तान आणि नेपाळने बंदी आणली. विज्ञानाचं काम विलक्षण वेगाने झालं होतं, तरी औषध गुरांपर्यंत पोचतच राहिलं. का? माणसांसाठीचं डायक्लोफेनॅक मोठ्या बाटल्यांमध्ये मिळत होतं, स्वस्त होतं, आणि दुखणाऱ्या जनावराला आराम देणं ही पाळणाऱ्याची साधी, रास्त गरज होती. हे उत्तर शवचिकित्सेच्या टेबलावर मिळत नाही. औषधाच्या दुकानात आणि गोठ्यात उभं राहून विचारावं लागतं. २०१५ मध्ये भारतात माणसांसाठीच्या इंजेक्शनच्या बाटलीचं माप ३ मिलिलिटरपर्यंत मर्यादित केलं गेलं, म्हणजे एवढ्या लहान बाटल्या जनावराला देणं महागात पडावं. बाटलीच्या आकारावर पक्ष्याचं भवितव्य टांगलेलं आहे, हे ज्याला सुचू शकतं असा माणूस घडवणं हे या शिक्षणाचं काम मी मानतो.

आता प्रत्यक्ष काय शिकावं लागेल ते. रसायनशास्त्र आणि परिसंस्थाशास्त्र असेल, प्रयोगशाळा असेल, जीआयएसवर, म्हणजे भौगोलिक माहितीच्या संगणक प्रणालीवर, नकाशे करणं असेल, कायदा आणि अर्थशास्त्राची ओळख असेल. यातलं बहुतेक तुम्ही निभावून न्याल. मुलं अडखळतात ती दोन ठिकाणी.

पहिलं संख्याशास्त्र. समाजाच्या ओढीने आलेले ते टाळतात आणि विज्ञानाच्या ओढीने आलेले सूत्र पाठ करून पुढे जातात. दोघंही अनिश्चितता समजून घेत नाहीत. नमुना कोणाचा घेतला, कोण सुटलं, फरक दिसला तो खरा की योगायोगाचा, हे प्रश्न विहिरीलाही लागतात आणि मुलाखतीलाही. संख्याशास्त्र पहिल्याच वर्षी घट्ट करा, 'आर' सारखी एखादी संगणकीय भाषा त्याबरोबरच शिका. पुढची सगळी वर्षं हलकी जातील.

दुसरं मुलाखत. विज्ञानातून आलेल्या मुलांना वाटतं, माणसांशी बोलायला काय शिकायचंय? मग ती प्रश्नावली घेऊन जातात: "तुम्हाला प्रदूषणाचा त्रास होतो का?" याला सगळे 'हो' म्हणतात आणि त्या 'हो'चा काडीचा उपयोग नसतो. त्याऐवजी "काल उठल्यापासून घरात पाणी कुठून कुठून आलं, कोणी आणलं, ते क्रमाने सांगा" असं विचारा. उत्तराला अर्धा तास लागेल आणि त्या अर्ध्या तासात तुम्ही न विचारलेल्या चार गोष्टी येतील. ऐकलेलं जसंच्या तसं उतरवणं, दोन माणसांच्या परस्परविरोधी सांगण्याला खोटं न ठरवता त्याचं कारण शोधणं, स्वतःच्या आवडत्या निष्कर्षाकडे समोरच्याला न ढकलणं, हे प्रयोगशाळेतल्या टायट्रेशनइतकंच सरावाचं काम आहे.

नीतीचा एक पेच मी प्रत्येक गटाला क्षेत्रकार्याआधी लेखी सोडवायला लावतो. तुम्ही कोणाच्या विहिरीचा नमुना घेतलात आणि पाणी वाईट निघालं, तर त्यांना सांगणार का? कधी, कोण, कोणत्या शब्दांत? त्यांच्याकडे दुसरं पाणी नसेल तर? याचं उत्तर नमुना घेण्याआधी ठरलेलं हवं. बाटली भरून नेली, प्रबंध झाला, गुण मिळाले, आणि घरातल्यांना काहीच कळलं नाही, असं घडताना मी पाहिलं आहे. मला ते अक्षम्य वाटतं.

अभ्यासक्रम निवडताना माहितीपत्रकातल्या मोठ्या शब्दांवर जाऊ नका. गेल्या दोन-तीन वर्षांतल्या प्रबंधांची शीर्षकं मागून घ्या. त्यात ठिकाण, काळ आणि मोजलेली गोष्ट असेल तर अभ्यासक्रम जिवंत आहे. सगळी शीर्षकं 'शाश्वत विकास: संधी आणि आव्हाने' अशा थाटाची असतील तर सावध व्हा. क्षेत्रकार्याला किती श्रेयांक आहेत ते बघा. एखादा तरी विषय दोन वेगळ्या शास्त्रांचे शिक्षक एकाच वर्गात, एकाच प्रकरणावर मिळून शिकवतात का, हे विचारा. माझ्या मते ही सर्वांत नेमकी कसोटी आहे, कारण ते करायला शिक्षकांना खरंच एकमेकांचं वाचावं लागतं. आणि माजी विद्यार्थ्यांना विचारा: तुमच्या स्वतःच्या हाताने तुम्हाला काय करता येतं? "जलविश्लेषण करता येतं", "घरोघरच्या सर्वेक्षणाची मांडणी करता येते", "प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा, म्हणजे आघात मूल्यांकनाचा, अहवाल वाचून त्यातल्या त्रुटी काढता येतात" अशी उत्तरं चांगली.

घरच्यांच्या शंकेचं उत्तर इथेच आहे. एकत्रित पदवीतही एक हत्यार पूर्ण शिकून घ्यायचं. तुमच्या बाबतीत ते बहुधा जलरसायन किंवा परिसंस्थाशास्त्र असेल. त्या विषयाचे वरच्या पातळीचे पाठ त्या शास्त्राच्या विद्यार्थ्यांबरोबर बसून करा, सोपी आवृत्ती घेऊ नका. ते हत्यार हातात असलं की बाकीच्या विषयांची ओळख तुम्हाला प्रश्न विचारायला उपयोगी पडते. ते नसलं तर बैठकीत सगळ्यांचं बोलणं कळतं आणि तुम्हाला कोणी काही विचारत नाही.

आधी रसायनशास्त्राची पदवी आणि नंतर पदव्युत्तर पातळीवर एकत्रित अभ्यास, हा मार्गही उत्तम आहे. तुम्हाला उपकरणांवर तासनतास बसायला आवडत असेल, किंवा पुढे मोजमापाच्याच संशोधनात जायचं असेल, तर मी तोच सुचवेन. गणित आणि प्रयोगशाळा विशीत जितक्या सहज बसतात तितक्या नंतर बसत नाहीत. धोका एकच: विज्ञानाची चार वर्षं झाल्यावर समाजाबद्दलचं आपलं मत म्हणजेच समाजशास्त्र, असं वाटू लागतं. त्यातून बाहेर यायला मला बरीच वर्षं लागली.

कामं कोणती मिळतात? पाणीपुरवठा आणि सांडपाणी यांची व्यवस्थापनं, पर्यावरणीय आघात मूल्यांकन, सार्वजनिक आरोग्य, शहरनियोजन, कंपन्यांमधले पर्यावरण विभाग, स्वयंसेवी संस्था, पत्रकारिता, संशोधन. पहिली नोकरी जवळजवळ नेहमी त्या एका हत्याराच्या जोरावर मिळते. दुसऱ्या बाजूच्या शिक्षणाचा उपयोग पाच-सात वर्षांनी दिसतो, जेव्हा काय मोजायचं हे ठरवण्याच्या जागी तुम्ही बसलेले असता.

प्रवेशाला अजून अवकाश असेल तर तोवर एक काम करा. घराजवळचा एक नाला, एक पाणवठा किंवा कचरा टाकायची एक जागा निवडा. महिनाभर, शक्यतो वेगवेगळ्या वेळी, तिथे जा आणि वहीत लिहा. पाणी किंवा कचरा येतो कुठून, जातो कुठे. रंग, वास, जीव काय दिसतात, पावसानंतर काय बदलतं. तिथे कोण येतं, कोण कधीच येत नाही, कोण कोणाला हटकतं, आणि ती जागा नेमकी कोणाच्या अखत्यारीत आहे हे विचारल्यावर प्रत्येक जण कोणाचं नाव घेतो. महिना संपला की वही चाळून बघा. सर्वांत जास्त पानं ज्या प्रकारच्या प्रश्नांनी भरली असतील, ते तुमचं मुख्य हत्यार करा. आणि जिथे वही कोरी राहिली असेल, त्याचा विषय पहिल्याच सत्रात घ्या.